तिघांबद्दल लिहायचं होतं

सावेडी, अहिल्यानगर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीना,

अक्षर ओळखलं असशील. ओळखून पाकीट न फोडता ठेवून दिलंस तरी माझी तक्रार नाही. तुझा पत्ता श्रीरामपूरच्या एका बाईंकडून मिळाला, तुझ्या शाळेत होत्या त्या. मोबाईल नंबरही देत होत्या, मी घेतला नाही. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला चाळीस वर्षांत सुचलेलं नाही.

आधी कामाचं सांगते. आपल्या बी.एस्सी. ॲग्रीच्या वर्गाला यंदा चाळीस वर्षं झाली. एकवीस डिसेंबरला, रविवारी, सगळे कॉलेजवर जमणार आहेत. कानिफनाथनं सगळं अंगावर घेतलंय. वर्गप्रतिनिधी होता तेव्हा माईक सोडायचा नाही, अजूनही सोडत नाही. वर्गातले सहा जण गेले. पहिला तास त्यांच्यासाठी ठेवलाय. प्रत्येकाबद्दल कुणीतरी पाच मिनिटं बोलायचं आणि स्मरणिकेसाठी एक पान लिहायचं. त्यातले तिघं माझ्याकडे आले: राधाकृष्ण, आदिनाथ आणि शलमोन. कानिफनाथ म्हणाला, ते तिघं तुझेच होते, तुझ्याइतकं कोण लिहिणार. मी हो म्हणून बसले.

शलमोनला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्याचं श्रीरामपूरचं घर विकलं गेलं. बहीण पुण्याला असते, तिनं एक फोटो पाठवला, त्यात तो पेटी वाजवत बसलाय आणि गाताना तोंड उघडं आहे. तुम्ही दोघं एकाच चर्चमधले, शाळेपासूनचे. त्याचं तुला जे माहीत आहे ते मला नाही. चार ओळी लिहून पाठवशील का? तुझं नाव घालायचं नसेल तर घालणार नाही.

आणखी एक सांगायलाच हवं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. स्मरणिकेतल्या वर्गाच्या यादीत तुझं नाव नाही. तुझी डिग्री शहाऐंशीची, म्हणून तुला पुढच्या बॅचमध्ये धरलंय. यादी वाचून दाखवली त्या मीटिंगला मी हजर होते. मी काही बोलले नाही.

तब्येत कशी आहे? मी दोन हजार एकवीसला कृषी खात्यातून निवृत्त झाले. गुडघे सोडले तर बरी आहे.

तुझी
राजेश्वरी

२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीना,

तीन आठवडे झाले. पोस्टाचा भरवसा नाही असं स्वतःला सांगतेय.

मागच्या रविवारी नेवाशाला राधाकृष्णच्या घरी जाऊन आले. कोरोनात गेला तो, निवृत्तीला चार महिने उरले होते. घरचे कुणी दवाखान्यात जाऊ शकले नाहीत. त्याची बायको अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. कलम त्यानं स्वतः बांधलेलं. सून दिशा अल्बम घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, बाबा तुमच्या लग्नाचं नेहमी सांगायचे. बत्तीस ताटं एका दमात वाढली म्हणे." खरं आहे ते. सत्ताविसाव्या वर्षी, माझ्या मर्जीनं, माझ्याच खात्यातल्या माणसाशी मी लग्न केलं, तेव्हा माहेरचं कुणी फारसं पुढे आलं नाही. राधाकृष्ण सकाळी आला, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि संध्याकाळपर्यंत पंगती वाढत राहिला. स्वतः शेवटी उभ्यानं भात खाल्ला.

पानाचा मजकूर अर्धा लिहिलाय. तू वाचून बघ:

"शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गुंठ्यांचा प्लॉट मिळत असे. लावणीपासून काढणीपर्यंत पीक आपण आणायचं आणि त्याचे मार्क मिळायचे. मी कांदा लावला होता. जानेवारीत मला कावीळ झाली आणि मी पाच आठवडे घोडेगावला, घरी पडून होते. माझ्या प्लॉटच्या एका बाजूला राधाकृष्णचा प्लॉट होता, दुसऱ्या बाजूला आदिनाथचा, आणि पाटाच्या पलीकडे शलमोनचा. या तिघांनी पाळ्या लावून माझ्या कांद्याला पाणी दिलं, खुरपलं, मेलेल्या रोपांच्या जागी राधाकृष्णनं आपल्या प्लॉटमधली रोपं आणून लावली. त्याच्या स्वतःच्या वाफ्यात त्यामुळे टकलं पडली आणि त्याचे मार्क कापले गेले. मी परत आले तेव्हा माझा कांदा तिघांच्याही पिकापेक्षा चांगला होता. आदिनाथ एवढंच म्हणाला की उद्यापासून तुझं तू बघ, आमची कंबर गेली."

इथे मी पेन खाली ठेवलं. कारण पुढे तू येतेस. प्लॉटनं मी एका विषयात पास झाले, पण परीक्षेला बसू दिलं ते हजेरी भरली म्हणून. हजेरी कशी भरली ते पानावर लिहायला मला जमत नाही. आणि ते सोडून लिहिलं तर बाकीचंही खोटं वाटतं.

शलमोनबद्दल चार ओळी पाठव. दोन पाठव.

राजेश्वरी

१८ नोव्हेंबर २०२५

दीना,

काल काष्टीला जाऊन आले. आज हे पत्र लिहिल्याशिवाय मला दुसरं काही करता येणार नाही.

आदिनाथला नोकरी लागली नव्हती, ते तुला माहीत असेल. शेतीच केली त्यानं, आणि चांगली केली. दोन वर्षांपूर्वी उसाला पाणी धरताना बांधावर बसला तो उठला नाही. त्याची बायको रतनबाई घरी होती. गल्लीत टेम्पोंची गर्दी, म्हणून आम्ही मागच्या पडवीत बसलो. मी पानाचा मजकूर वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला आणि म्हणाली, "बाई, एवढंच लिवलं? दीनाबाईंचं कुठं हाय?"

मी विचारलं, दीनाचं तुम्हाला काय माहीत. तर ती म्हणाली, "आमच्या घरात समद्यांना माहीत हाय. कांदा लावायला घेतला का ह्ये दरसाल सांगायचे. चिट्टीचं बी सांगायचे."

म्हणून आता मी ते लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हातानं एकदा लिहू दे.

मी आजारी असताना शलमोन दोनदा घोडेगावला आला, तू उतरवून दिलेल्या नोट्स घेऊन. दुसऱ्या वेळी मी त्याच्या हातात तुझ्यासाठी चिठ्ठी दिली. प्रॅक्टिकलच्या हजेरीपटावर माझ्या सह्या करत जा, असं त्यात होतं. वर्ष गेलं तर आप्पा शिक्षण बंद करून लग्न लावून देणार होते, मुलगा बघूनही झाला होता. तू नऊ सह्या केल्यास. मार्चमध्ये पकडली गेलीस. प्रिन्सिपॉल सरांनी तुला विचारलं, तू म्हणालीस की मी आपल्या मनानं केलं. मग मला बोलावलं. तू शेजारीच उभी होतीस. मी म्हणाले, "नाही सर, मला यातलं काही माहीत नव्हतं."

सापडल्या त्या दोनच सह्या खोडल्या, उरलेल्या सातांवर माझी हजेरी भरली; तुला मात्र त्या परीक्षेला बसू दिलं नाही. एम.एस्सी.ची ठरलेली जागा गेली. मी तुझ्याशी एका शब्दानं बोलले नाही. तू महिनाभर आपल्या रूमवर होतीस, मी मैदानात अभ्यास करायच्या निमित्तानं बाहेर राहायचे, तू झोपलीस की यायचे.

चिठ्ठी हरवली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. रतनबाई म्हणाली ती तुझ्या हातात होती. शलमोननं ती आणून दिली तेव्हा तू तिथंच वाचली होतीस आणि तिघांना कळलं होतं. शिक्षा झाल्यावर तिघं तुझ्याकडे आले, चिठ्ठी सरांना दाखव म्हणून मागे लागले. आदिनाथ तर रडला. तू काय उत्तर दिलंस ते रतनबाईला पाठ आहे, इतक्या वेळा तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलंय. "माझं वर्ष गेलं तर वर्षच जाईल. तिचं वर्ष गेलं तर तिचं लग्न होईल." आणि चिठ्ठी मेसच्या चुलीत टाकलीस. तिघांकडून वचन घेतलंस की राजेश्वरीला हे कधी कळू द्यायचं नाही.

त्यांनी ते मरेपर्यंत पाळलं, दीना. हे मला काल कळलं, तेव्हापासून मी नुसती हिशोब जुळवल्यासारखी एकेक आठवण काढून बघतेय. मी खोटं बोलले हे माहीत असताना राधाकृष्ण माझ्या लग्नात वाढत होता. माहीत असताना आदिनाथ दर उन्हाळ्यात माझ्या ऑफिसात कांद्याची पिशवी ठेवून जात होता आणि शिपायाला सांगत होता, मॅडम आमच्या वर्गातल्या आहेत. माझी नजर चुकते की काय असं बघायला त्यांनी एकदाही तुझं नाव काढलं नाही. मी त्यांच्याकडे मान वर करून बोलू शकले, ती मान त्यांनी राखलेली होती.

शलमोनचं एक मला सांगायचंय. तो आमच्या घरी आला तेव्हा आईनं त्याच्यासाठी वेगळा कप काढला, कानाशी टवका उडालेला. तो ओसरीवर बसून चहा प्यायला. मी आतल्या खोलीतून बघत होते, उठण्याइतकी ताकद होती, उठले नाही. चहा झाल्यावर त्यानं रांजणाजवळ जाऊन कप स्वतः विसळला आणि भिंतीशी पालथा घातला. मग आत डोकावून मला म्हणाला, लवकर बरी हो, तुझा कांदा माझ्यापेक्षा पुढे चाललाय, मला लाज वाटते. दुसऱ्यांदाही आला. त्याला कप कुठं ठेवलेला असतो ते माहीत होतं.

निघताना रतनबाईनं माझ्या पिशवीत आदिनाथच्या शेतातला कांदा घातला. मी रडले, तर म्हणाली, "रडू नगा. त्यांना तुमचं लई कवतिक होतं. ऱ्हायलं ते आता तुमी सांगा."

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. शलमोनच्या चार ओळी नको पाठवूस. एवढं वाच.

राजेश्वरी

५ डिसेंबर २०२५

प्रिय दीना,

तुझं पत्र बुधवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते घेऊन आधी देवघराशी गेले, मग स्वयंपाकघरात, मग गच्चीवर जाऊन उघडलं.

तू लिहिलंस की सहीचा राग तुला कधीच नव्हता. सही तू केली होतीस, तुझ्या मर्जीनं, आणि एम.एस्सी. गेली तरी शाळेत तेहेतीस वर्षं मुलांना शेती शिकवण्यात तुझं बरं चाललं. खोटं बोलले त्याचाही राग दोन-तीन वर्षांत गेला. एकवीस वर्षांची घाबरलेली पोर काय बोलणार होती, असं तू लिहिलंस.

आणि मग ते दुसरं लिहिलंस. "तू दोन हजार तीन ते सहा श्रीरामपूरला अधिकारी होतीस. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर तुझं ऑफिस. एकदा भाजीबाजारात मला बघून तू कापडाच्या दुकानात शिरलीस. मी पाहिलं. त्या वर्षी बाबा अंथरुणावर होते, ते तुझी चौकशी करायचे, कारण हॉस्टेलवर आपल्याला डबा पाठवायचे ते. मी त्यांना सांगितलं की तुझी बदली झाली. राजी, मी तुझ्यासाठी खोटी सही केली त्याचं मला काही वाटत नाही. बाबांशी खोटं बोलावं लागलं त्याचं वाटतं."

मी त्या दुकानात शिरले होते. परकराचं कापड घेतलं, नको असताना. तुझ्या बाबांच्या डब्यातली मेथीची भाजी मी तुझ्यापेक्षा जास्त खाल्ली असेल.

शलमोनबद्दल तू दोन पानं लिहिलीस, एकही शब्द न कापता छापायला देते आहे. भांगलताना तो गायचा, चाल विसरला की खुरपं आपटून पुन्हा सुरू करायचा, हे मी विसरले होते. आणि घोडेगावहून आल्यावर त्यानं तुला काय सांगितलं तेही वाचलं. त्यांच्या घरचा चहा फार चांगला होता, आलं घातलेलं होतं. एवढंच सांगितलं त्यानं. माझी आई जाऊन बारा वर्षं झाली. तिला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

तू येणार नाहीस ते समजलं. तिथं मी काय बोलायचं ते तू माझ्यावर सोडलंस. "तो दिवस त्या तिघांचा आहे, माझं सांगायचं की नाही ते तू ठरव." तुला ओळखते म्हणून सांगते, तू हे मुद्दाम केलंस. सांग म्हणाली असतीस तर मी तुझ्या शब्दाखातर सांगितलं असतं.

तुझी राजी

२२ डिसेंबर २०२५

प्रिय दीना,

काल फोनवर तू चारच मिनिटं होतीस. त्याआधी काय झालं आणि फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला कुणी नीट सांगणार नाही. कानिफनाथ सांगेल, पण तो त्यात स्वतःचं भाषण घालेल.

एकतीस जण आले होते. गेलेल्यांच्या घरचेही बोलावले होते. रतनबाई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. राधाकृष्णची बायको आणि दिशा. शलमोनची बहीण पुण्याहून आली होती. माझी पाळी तिसरी. मी तिघांचं लिहून नेलं होतं, ते वाचलं. पाणी, खुरपणी, रोपं, लग्नातल्या पंगती, ओसरीवरचा कप. कपाचं वाचताना मी शलमोनच्या बहिणीकडे बघून वाचलं. तिनं मान हलवली.

मग कागद संपला. मी म्हणाले, या तिघांचे उपकार इथं संपत नाहीत, त्यांनी माझी एक गोष्ट झाकून ठेवली आणि ती मला आज उघडी करायची आहे. चिठ्ठी मी लिहिली होती, दीनाला सही करायला मी सांगितलं होतं, आणि सरांसमोर मी खोटं बोलले. ती या वर्गात चार वर्षं बसली आणि तुमच्या यादीत ती नाही, ते माझ्यामुळे. ऑक्टोबरच्या मीटिंगला यादी वाचली तेव्हाही मी गप्प होते.

शेवटचं वाक्य मी माईक खाली ठेवता ठेवता बोलले, ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मागून कुणीतरी म्हणालं की आम्ही चाळीस वर्षं दीनाला लबाड समजत होतो. पहिल्यांदा वाईट वाटलं ते तेव्हा. मी स्वतःच्या पापाचा विचार करत आले होते, तुझ्या नावाचा केला नव्हता. कानिफनाथ उठला. माईक हातात असून पहिल्यांदा त्याला बोलता येईना. माझ्याकडे तुझा नंबर नव्हता, शलमोनच्या बहिणीकडे होता. तिनं लावला. तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. सगळ्यांना माझा नमस्कार, जेवण गरम असेल तोवर जेवून घ्या, आणि रतनबाईंना फोन द्या.

तिच्याशी काय बोललीस ते ती सांगत नाही. हसत होती एवढं दिसलं.

फोन ठेवल्यावर कानिफनाथ म्हणाला की स्मरणिका छापून झाल्या, पुढच्या खेपेला दुरुस्ती करू. तर रतनबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "पुढली खेप कशाला? तवर कोन ऱ्हातंय कोन न्हाई." मग जेवणं थांबली. एकतीस जण टेबलांना धरून बसले, साठी ओलांडलेली माणसं, चष्मे वर-खाली करत, आणि दोनशे प्रतींमध्ये पेनानं तुझं नाव लिहिलं. जुन्या हजेरीपटावर तू नवव्या नंबरला होतीस, तिथं. राधाकृष्णच्या बायकोचं अक्षर सगळ्यात सुंदर निघालं. दिशानं नाव चुकवलं, 'दिना' लिहिलं, शेजारच्यानं वेलांटी दीर्घ करून दिली. भात पार थंड झाला. तुझं ऐकलं नाही कुणी.

परत येताना मी एसटीच्या खिडकीशी बसले होते. मला सारखं वाटत होतं की मला किती मिळालं. एकवीस वर्षांची असताना चार माणसांनी मला उचलून धरलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मी खाली बघितलं नाही. माझी नोकरी, माझ्या मनाचं लग्न, मुलीला शिकवता आलं, सगळं तिथून आलं. तिघांना हे सांगायचं राहून गेलं. चौथी आहे.

मी शुक्रवारी येते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या गाडीनं, साडेदहापर्यंत पोचेन. तू बोलावलेलं नाहीस हे मला माहीत आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून माझ्या डब्यातलं खाऊन परत जाईन, पण या वेळी दुकानात शिरणार नाही. आधी बाबांच्या कबरीवर घेऊन चल. त्यांना सांगायचंय की माझी बदली झाली नव्हती.

राजी